दाढ गेली, बधिरता राहिली

‘अक्कलदाढ’ या शब्दातील ‘दाढ’ आपली आणि ‘अक्कल’ अरबीतून आलेली. अरबीत व लॅटिनमध्येही या दाढेचे नाव शहाणपणाशीच जोडलेले आहे; कारण ती बहुधा सतरा ते पंचवीस या वयात, म्हणजे माणूस घर सोडून नोकरीस लागतो त्या सुमारास उगवते. ॲरिस्टॉटलने तर ऐंशी वर्षांवरील स्त्रियांनाही ती तीव्र वेदना देत आल्याची नोंद केली आहे. दाढ येण्याच्या दुःखाचा इतिहास असा फार जुना आहे. ती गेल्यावर मागे उरणाऱ्या दुःखाचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो.

सुश्रुतसंहितेत जबड्याच्या शेवटच्या दाताशी येणारी, अतिशय ठणकणारी व लाळ गाळणारी सूज ‘अधिमांस’ या नावाने वर्णिली आहे. दात उपटण्याच्या शस्त्राचे ‘दंतशंकू’ हे नावही तेथे आढळते. तथापि, वरचा दात हलत असला तरी तो काढू नये, काढल्यास अतिरक्तस्राव, दृष्टिनाश व तोंड वाकडे करणारा अर्दितवात उद्भवतो, असा इशाराही तोच ग्रंथ देतो. ही भीती आज कोणी तशीच बाळगणार नाही. परंतु दात हा एकटा नसतो, त्याच्याशी काय काय बांधलेले आहे हे उपटण्यापूर्वी पाहावे, ही त्यामागील दृष्टी आजही खरी आहे.

मधली अनेक शतके दात काढणे म्हणजे वेदना असेच समीकरण होते. १८४४ च्या डिसेंबरात अमेरिकेतील हार्टफर्ड येथे होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली. १८४६ साली बोस्टन येथे मॉर्टनने ईथरचा प्रयोग करून दाखविला. १८८४ साली व्हिएन्नात कोलरने कोकेनने डोळा बधिर केला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये हॉलस्टेडने खालच्या जबड्याच्या मज्जातंतूजवळ ते टोचून अर्धा जबडा बधिर केला. या प्रयोगांपायी त्याला स्वतःला कोकेनचे व्यसन जडले. पुढे १९०५ च्या सुमारास नोव्होकेन आले आणि १९४३ साली स्वीडनमध्ये लॉफग्रेनने लिडोकेन सिद्ध केले. बधिरता अशी माणसाची दासी झाली. बोलावताच यावे आणि दोन-चार तासांत निघून जावे. पण ती गेलीच नाही तर?

खालच्या अक्कलदाढेच्या मुळांखालून एक मज्जातंतू ओठ व हनुवटीकडे जातो. दुसरा आतल्या बाजूने जिभेकडे जातो व त्यातून चवही वाहते. दाढ काढताना यांपैकी एखादा दुखावला तर त्या बाजूची संवेदना हरपते. पावर हाउसच्या बाजारात उभ्याने चहा घेताना प्रस्तुत लेखकास कपाची कड ओठाच्या एका अर्ध्या भागात लागते, दुसऱ्यात लागत नाही. चहा ओघळला तर समोरच्याच्या नजरेवरून कळते. ओठ हलतो, आरशात वाकडा दिसत नाही. म्हणून पाहणाऱ्यास हे दुखणेच वाटत नाही. शिवाय बधिर जागाच मधूनमधून जळते, हे विधान तर ऐकणाऱ्यास विसंगत वाटते.

ते विसंगत नाही. दाढ काढल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उठणारी कळ बहुधा खाचेतील रक्ताची गुठळी निघून गेल्याने येते. १८९६ मध्ये क्रॉफर्डने तिला ‘ड्राय सॉकेट’ म्हटले, आणि ती काही दिवसांत शमते. मज्जातंतूची वेदना निराळी. अमेरिकेतील यादवी युद्धात गोळी लागलेल्या सैनिकांची अशी जळजळ वियर मिचेल व त्याच्या सहकाऱ्यांनी १८६४ साली नोंदविली. त्यापूर्वी, १८५० साली, वॉलरने बेडकाच्या जिभेचे मज्जातंतू कापून, तुटीपुढचा भाग कसा झिजतो ते दाखविले होते. दुसऱ्या महायुद्धातील जखमींवरून सेडनने १९४३ साली अशा इजांचे तीन प्रकार केले. आमच्या वस्तीच्या नावातच वीज असल्याने तारेचा दृष्टान्त सुचतो. पहिल्या प्रकारात तार शाबूत असते, केवळ प्रवाह थांबतो. दुसऱ्यात आतली तार तुटते पण वेष्टन टिकते. तिसऱ्यात सारेच तुटते. पहिली इजा काही आठवड्यांत भरते. दुसरीत तंतू वेष्टनातून दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे ओठापर्यंत पोहोचण्यास महिने लागतात. तिसरी बहुधा शस्त्रक्रियेवाचून सुधारत नाही.

ओठाची कायमची बधिरता शंभरांत एकाहूनही कमी जणांना येते. मुळे व मज्जातंतू यांतील अंतर आज त्रिमिती क्ष-किरणचित्रात दिसते. फार जवळीक असल्यास दाढेचा माथा कापून मुळे तशीच ठेवण्याची रीत १९८४ पासून ज्ञात आहे. निरोगी अक्कलदाढ उगाच काढू नये, असा दंडक ब्रिटनमध्ये २००० साली घालण्यात आला.

आम्हा बदलीच्या नोकरदारांची अडचण वेगळीच आहे. दाढ एका गावी निघते, टाके दुसऱ्या हाताने सुटतात आणि तक्रार तिसऱ्या गावी सांगावी लागते. तेथे ‘होईल हळूहळू’ हे उत्तर मिळते. ते पुष्कळदा खरेही ठरते. पण तीन महिन्यांत काहीच फरक नसेल तर तज्ज्ञाकडे जाणे अगत्याचे, कारण मज्जातंतू जोडण्याचे यश दिवसांगणिक घटते. म्हणून दाढ काढल्याची तारीख, बधिर भागाची सीमा, पहिली झिणझिणी केव्हा आली, हे आपणच टिपून ठेवावे आणि क्ष-किरणचित्र बदलीच्या सामानात न विसरता घ्यावे. मिचेल व सेडन यांनी जखमींचे बोलणे खरे मानून लिहून ठेवले, त्यातूनच हे शास्त्र उभे राहिले. न दिसणाऱ्या दुखण्याला नोंदीइतका दुसरा साक्षीदार नाही.