राजहंसांची मालकी आणि वीण

अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काळ कोरलेला आहे. वालधुनीच्या काठी शिलाहारांचे शिल्पी पाषाण घडवीत होते, त्याच शतकात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ॲबट्सबरी येथे बेनेडिक्टाइन पंथाचा मठ उभा राहिला, आणि तेथील साधू खाऱ्या सरोवराकाठी राजहंस पाळू लागले; सौंदर्यासाठी नव्हे, मेजवानीच्या ताटासाठी. १५३९ मध्ये मठ खालसा झाला, हंसांची वसाहत मात्र एका जमीनदार घराण्याच्या मिळकतीत जाऊन आजतागायत टिकली आहे.

त्या देशात हंस बाळगणे हा प्रतिष्ठेचा विषय होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या कायद्याने ठराविक वार्षिक उत्पन्नाची जमीन असणाऱ्यासच तो हक्क उरला. मालकाची खूण पिलाच्या चोचीवर सुरीने कोरली जाई, तिची नोंद दप्तरी राही, आणि पिलू उडून जाऊ नये म्हणून पंखाचे टोक छाटले जाई. याच हंसांविषयीचा १५९२ चा निवाडा मला फार हृद्य वाटतो. गाईचे वासरू गाईच्या मालकाचे, हा सर्वत्रचा न्याय. परंतु नर एकाचा व मादी दुसऱ्याची असता हंसांची पिले दोघांत निम्मी वाटावीत असे न्यायाधीशांनी मानले, कारण हा पक्षी एकाच जोडीदाराशी एकनिष्ठ असतो.

पण तोच एकनिष्ठ पिता पिले मोठी झाली की त्यांना आपल्या पाण्यातून निर्दयपणे हुसकून लावतो. मोकळ्या नदीवर हे स्वाभाविकच. बंदिस्त तळ्यात पंख छाटलेल्या पिलाने जावे कोठे? म्हणून दयाळू पाळणारा अंड्यांपाशीच बंदोबस्त करतो. मादी दिवसाआड एक याप्रमाणे पाच ते सात अंडी घालते व सुमारे पाच आठवडे उबविते. अंडी नुसती उचलली तर ती पुन्हा घालून क्षीण होते. यास्तव उबविण्याच्या आरंभीच ती काढून जागी लाकडी अंडी ठेवतात, मादी मुदतभर बसते आणि स्वतःच उठते. काढलेले अंडे पाण्यात सोडून पाहावे; तरंगणाऱ्या अंड्यात गर्भ वाढलेला असतो. त्यास हात लावणे मला क्रौर्यच वाटते.

बदलापूरच्या आसपास शेतघर बांधून तळ्यात हंसांची जोडी सोडण्याची हौस असणाऱ्याने पिलांची तजवीज आधीच करावी. ती नसल्यास दोन माद्याच ठेवाव्यात. त्याही घरटे करतात, अंडी घालतात आणि निष्फळ अंड्यांवर तितक्याच निष्ठेने बसतात.