पेठेचा संघ आणि कंपनीचा संघ

महाराष्ट्रातील फुटबॉलचा इतिहास लिहू जाता सामन्यांचे निकाल आणि चषकांच्या याद्या सहज हाती लागतात, परंतु संघ नेमका कोणाचा, हा प्रश्न त्या याद्यांत कुठेच नोंदलेला नसतो. वास्तविक प्रेक्षकांमधील कडाक्याचे वाद याच प्रश्नाभोवती झालेले आहेत, आणि संघ सोडून गेलेला नामांकित खेळाडू परत येणार अशी वार्ता उठली की ते विशेष उफाळून येतात. या बाबतीत राज्यात दोन परंपरा समांतर चालत आल्या असून त्यांतील एक कोल्हापूरच्या तालमींची, तर दुसरी मुंबईच्या कंपन्यांची आहे.

तालीम म्हणजे मूळची कुस्तीची जागा, तांबड्या मातीचा हौदा असलेली. तथापि कोल्हापूरच्या पेठांत तिचे काम कुस्तीपुरते कधीच राहिले नाही. गणेशोत्सवाचा मंडप, मोहरमचे पंजे, शिवजयंतीची मिरवणूक आणि गल्लीतील तंटे मिटवण्याची बैठक या साऱ्यांचे ती ठिकाण असल्यामुळे, फुटबॉल शहरात रुजला तेव्हा त्याचे संघही तालमींच्याच नावाने उभे राहिले. राजर्षी शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी, ज्यांचा १९१८ मध्ये शिकारीच्या वेळी अपघाती मृत्यू झाला, यांच्या नावाशी या खेळाचा शहरातील आरंभ जोडला जातो. पुढे राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत त्याला राजाश्रय लाभला आणि १९४० च्या सुमारास कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आज सर्वतोमुखी असलेली ‘केएसए’, ही नियामक संस्था आकाराला आली. राजघराण्याचा या संस्थेशी असलेला संबंध अद्याप टिकून आहे.

पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, जुना बुधवार, शिवाजी तरुण ही नावे शाहू स्टेडियमवर जेव्हा घुमतात, तेव्हा त्या घोषात संघापेक्षा पेठ अधिक ऐकू येते. अशा संघाला कायद्याच्या अर्थाने मालक नसतो. पदाधिकारी असतात, वर्गणी देणारी घरे असतात, देणगीदार आणि निवडणुकीच्या हंगामात विशेष उदार होणारे पुढारी असतात, आणि या सर्वांहून अधिकारवाणीने बोलणारे, कोणत्याही पदावर नसलेले जुने खेळाडू असतात. परिणामी खेळाडूच्या नोंदणीचा प्रश्न, म्हणजे एका हंगामासाठी तो कोणत्या संघाकडून खेळणार हे केएसएच्या दप्तरी पक्के करण्याचा प्रश्न, साऱ्या पेठेचा होऊन बसतो. शिवाजी पेठेतला मुलगा मंगळवार पेठेच्या संघाकडून खेळू लागला, तर अंतर चालत जाण्याएवढेच असते, घरही बदलत नाही. बाप एका तालमीला वर्गणी देतो आणि मुलगा दुसरीच्या रंगात मैदानात उतरतो, असेही घडते.

खेळाडू हौसेने खेळत होते तोवर अशी पेठांतरे अपवादात्मक होती. मानधनाचे आकडे वाढले, बाहेरगावचे आणि आफ्रिकी देशांतील खेळाडू संघांत दिसू लागले, तसा समर्थकांच्या वादाचा सूरही बदलत गेला. परतणाऱ्या खेळाडूविषयी एक पक्ष म्हणू लागला की घरचा पोरगा घरी येत असेल तर हिशेब कसला. दुसऱ्याचे म्हणणे असे की ऐन ईर्षेच्या सामन्यात समोरून गोल मारणाऱ्याला पुन्हा आपला रंग देताना, राखीव बाकावर बसून वर्षे काढलेल्या पेठेतल्या मुलांना काय सांगायचे. दोन्ही बाजूंना संघ आपलाच वाटतो, म्हणूनच हा वाद हातघाईवर येतो आणि कधी कधी प्रेक्षक गॅलरीत पोलिसांना उतरावे लागते. या हुल्लडबाजीचे कौतुक करण्याचे कारण नाही, मात्र तिच्या मुळाशी असलेला हक्काचा दावा खोटा म्हणता येत नाही.

मुंबईत असा दावा करण्याची सोय फारशी कधी नव्हतीच. १८९१ मध्ये सुरू झालेला रोव्हर्स चषक दीर्घकाळ गोऱ्या पलटणींच्या ताब्यात होता आणि १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्सच्या रूपाने तो प्रथमच भारतीय संघाकडे गेला. स्वातंत्र्योत्तर काळात टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्र असे संस्थांचे संघ कूपरेज मैदानावर गाजले. या संघांत खेळाडू बव्हंशी कर्मचारी असे, त्यामुळे संघ बदलणे म्हणजे नोकरी बदलणे. पोटाची तजवीज या व्यवस्थेने चांगली केली, परंतु संघाचे आयुष्य कंपनीच्या एका ठरावावर टांगलेले राहिले. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, तेव्हा समर्थकांचे मत विचारण्याची पद्धतच अस्तित्वात नव्हती.

महिंद्रकडून खेळलेल्या खालिद जमील यांनी पुढे एस्सेल समूहाच्या मुंबई एफसीला, म्हणजे २००७ मध्ये स्थापन झालेल्या संघाला, अनेक हंगाम प्रशिक्षण दिले. ते २०१६ मध्ये तेथून बाहेर पडले आणि २०१६-१७ च्या आय-लीगमध्ये त्यांनी मिझोरमच्या ऐजॉल संघाला विजेतेपद मिळवून दिले. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन लीगबाहेर पडला आणि मग उरलाच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले, मात्र त्यांना परत बोलावू शकेल असा जुना क्लब मुंबईत शिल्लक नव्हता.

फ्रँचायझी, म्हणजे ठरावीक शुल्क भरून लीगमध्ये संघ चालवण्याचा परवाना, ही पद्धत २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर आली. रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्या मुंबई सिटीने २०१५ च्या लिलावात सुनील छेत्रीला १ कोटी २० लाख रुपयांना घेतले. त्याने स्पर्धेतील भारतीयाची पहिली हॅटट्रिक मुंबईसाठी नोंदवली, हंगाम संपताच आय-लीगसाठी तो बंगळूरकडे परतला आणि २०१७ पासून बंगळूरकडूनच मुंबईविरुद्ध उतरू लागला. पेठेत ज्याला फितुरी म्हटले असते, ते येथे करारातले एक कलम होते. त्याच छेत्रीने जून २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निवृत्ती घेऊन मार्च २०२५ मध्ये मालदीवविरुद्ध पुनरागमन केले, तेव्हा मात्र देशभर वाद झडला. राष्ट्रीय संघाला मालक नसल्यामुळे तेथे प्रत्येकाला मत होते, आणि तरुण आघाडीपटूंची वाट अडते काय, हा त्या वादाचा विषय कोल्हापूरच्या राखीव बाकापेक्षा फार वेगळा नव्हता.

नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल समूहाने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. २०२०-२१ मध्ये लीग आणि अंतिम सामना हे दोन्ही मान, तसेच २०२४ मध्ये पुन्हा विजेतेपद, असे यश या काळात मिळाल्याने परकी मालकीविषयीची कुजबुज मागे पडली. पुढे लीगच्या व्यापारी हक्कांचा करार संपत आला, २०२५-२६ चा हंगाम वेळेवर सुरू होईना, आणि डिसेंबर २०२५ मध्ये समूहाने आपला हिस्सा मूळ संस्थापकांकडे सोपवून काढता पाय घेतला. मुंबईत अशा रीतीने मालकच परतले.