एल्टन जॉन : पियानोवरचा रॉकस्टार एड्सच्या लढाईत कसा उतरला?

'द लायन किंग' पाहिलाय? मग एल्टन जॉनला तुम्ही ऐकलंय, नाव माहीत नसलं तरी. त्यातली गाणी त्याच्या चालीतली आहेत. २०२१ मध्ये दुआ लिपासोबतचं 'कोल्ड हार्ट' रील्सवर धुमाकूळ घालत होतं, त्यातला पुरुषाचा आवाजही त्याचाच. तेव्हा त्याचं वय ७४ होतं.

भलेमोठे चमकणारे चष्मे, पिसांचे कोट, टाचांचे बूट आणि समोर पियानो. एल्टन म्हटलं की बहुतेकांना हेच आठवतं. पण त्याच्याबद्दल थोडं वाचायला घेतलं की गाण्यांच्या बरोबरीनं एक शब्द सारखा समोर येतो : एड्स. गेली ३० पेक्षा जास्त वर्षं हा माणूस या एकाच आजारासाठी पैसे उभे करतोय. त्यानं हा आजारच का निवडला, याचं उत्तर अमेरिकेतल्या एका शाळकरी पोरापाशी जातं. पण आधी एल्टन, एल्टन कसा झाला ते पाहू.

खरं नाव रेजिनाल्ड ड्वाइट. जन्म २५ मार्च १९४७, लंडनजवळच्या पिनर गावात. तीन-चार वर्षांचा असताना तो ऐकलेल्या चाली पियानोवर वाजवायला लागला. ११ व्या वर्षी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकची स्कॉलरशिप मिळाली. दर शनिवारी तिथं जाऊन शास्त्रशुद्ध शिक्षण, आणि पुढं किशोरवयात घराजवळच्या पबमध्ये वाजवून कमाई. म्हणजे बोटांना शिस्तही होती आणि दंगा करणाऱ्या लोकांसमोर वाजवायची सवयही.

अडचण एकच होती. त्याला चाली सुचायच्या, शब्द नाही.

१९६७ मध्ये एका म्युझिक कंपनीनं पेपरात जाहिरात दिली, नवीन कलाकार हवेत म्हणून. रेजिनाल्ड गेला, पण तिथं जमलं नाही. निघताना कंपनीतल्या माणसानं त्याच्या हातात एक पाकीट ठेवलं. त्याच जाहिरातीला उत्तर म्हणून लिंकनशायरच्या एका १७ वर्षांच्या पोरानं पाठवलेल्या कविता त्यात होत्या. त्या पोराचं नाव बर्नी टॉपिन. एल्टनची बहुतेक गाजलेली गाणी याच बर्नीनं लिहिली आहेत. दोघांची पद्धत तेव्हापासून तीच : बर्नी शब्द लिहून देणार, एल्टन ते घेऊन एकटा पियानोवर बसणार आणि चाल लावणार. आपल्याकडं सिनेमात बहुतेकदा आधी चाल बनते आणि गीतकार त्यावर शब्द बसवतो. इथं बरोबर उलटं.

नावही याच काळात बदललं. बँडमधल्या एल्टन डीन या सॅक्सोफोन वादकाचं 'एल्टन' घेतलं, गायक लाँग जॉन बाल्ड्रीचं 'जॉन' घेतलं.

ऑगस्ट १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या ट्रुबाडोर या छोट्याशा क्लबमध्ये त्यानं कार्यक्रम केला आणि अमेरिकेत नाव झालं. तिथून पुढचा वेग जरा अविश्वसनीय आहे. १९७२ ते १९७५ या काळात त्याचे लागोपाठ सात अल्बम अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेले. १९७५ मध्ये डॉजर स्टेडियममध्ये सलग दोन दिवस शो झाले. १९७६ मध्ये तो वॉटफर्ड फुटबॉल क्लबचा चेअरमन झाला आणि चौथ्या डिव्हिजनमधला तो क्लब पुढच्या काही वर्षांत थेट पहिल्या डिव्हिजनमध्ये आला.

पण त्याच काळात कोकेन आलं, मग दारू, आणि बुलिमिया, म्हणजे भरपूर खायचं आणि मुद्दाम उलटी करून काढायचं हा आजार. स्टेजवर सगळं झगमगीत आणि हॉटेलच्या खोलीत ही अवस्था. सुमारे १५ वर्षं हे चाललं.

याच वर्षांमध्ये एड्स आला. १९८१ मध्ये अमेरिकेत पहिले रुग्ण नोंदवले गेले. सुरुवातीला सगळ्यात जास्त फटका समलिंगी पुरुषांना बसला आणि एल्टन स्वतः त्याच समाजातला. त्याचे मित्र एकामागून एक जात होते. त्यानं काहीच केलं नाही असं नाही. १९८५ मध्ये डायॉन वॉरविक, ग्लॅडिस नाइट आणि स्टीव्ही वंडर यांच्यासोबत त्यानं एक गाणं केलं आणि त्याची कमाई एड्स संशोधनाला गेली. पण 'लव्ह इज द क्युअर' या २०१२ च्या पुस्तकात तो सरळ कबूल करतो की नशेत बुडालेला असताना त्यानं करायला हवं होतं तितकं केलं नाही आणि त्याची त्याला लाज वाटते. स्वतःला एचआयव्ही झाला नाही, हेही तो निव्वळ नशीब मानतो.

इथं येतो रायन व्हाइट.

रायन इंडियाना राज्यातल्या कोकोमो शहराचा. त्याला हिमोफिलिया होता, म्हणजे जखम झाली की रक्त लवकर थांबत नाही. त्यासाठी दान केलेल्या रक्तापासून बनवलेलं औषध घ्यावं लागायचं. त्या औषधातूनच एचआयव्ही त्याच्या शरीरात गेला. डिसेंबर १९८४ मध्ये निदान झालं तेव्हा तो १३ वर्षांचा होता. डॉक्टरांनी थोडेच महिने दिले होते.

तो म्हणाला, मला शाळेत जायचंय. शाळा म्हणाली, नाही.

डॉक्टर सांगत होते की शेजारी बसल्यानं हा आजार पसरत नाही. पण पालकांनी ऐकलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं. रायन पेपर टाकायचा, तर लोकांनी त्याच्या हातचा पेपर घेणं बंद केलं. अखेर तो शाळेत परतला, पण एक दिवस त्याच्या घराच्या खिडकीतून बंदुकीची गोळी आत आली. तेव्हा कुटुंबानं गावच सोडायचं ठरवलं.

एल्टननं ही बातमी पाहिली आणि कुटुंबाशी संपर्क साधला. त्यांना कार्यक्रमाला बोलावलं, डिस्नेलँडला नेलं. सिसेरो या गावात नवीन घर घेताना डाउन पेमेंटसाठी १६,५०० डॉलर दिले. रायनच्या आईनं ते उसने म्हणून घेतले आणि नंतर परत केले. एल्टननं ते स्वतःकडं ठेवले नाहीत, रायनच्या बहिणीच्या कॉलेजसाठी बाजूला टाकले.

सिसेरोमध्ये एक गोष्ट वेगळी घडली. रायन येण्याआधी तिथल्या शाळेत मुलांना एड्स कशानं होतो आणि कशानं होत नाही, हे नीट समजावलं गेलं होतं. तिथं मुलांनी त्याच्याशी हात मिळवला. कोकोमोपासून हे गाव फार लांबही नाही.

१९९० च्या वसंतात रायन इंडियानापोलिसच्या हॉस्पिटलमध्ये शेवटच्या अवस्थेत होता. एल्टन सगळी कामं टाकून तिथं गेला. जगभरातून येणारे फोन घेणं, आईला हवं-नको बघणं, हे तो करत होता. ७ एप्रिलला त्याच शहरात शेतकऱ्यांसाठी मोठा मदतनिधी कार्यक्रम होता. एल्टन तिथं गेला, रायनला उद्देशून गायला आणि पुन्हा हॉस्पिटलमध्ये आला. दुसऱ्या दिवशी सकाळी रायन गेला. वय १८. अंत्यसंस्काराच्या वेळी एल्टन पियानोवर बसून गायला.

त्याच्या म्हणण्यानुसार तिथं त्याला स्वतःचा आरसा दिसला. ज्यांच्यावर एवढं कोसळलं होतं त्या घरात कुणाची तक्रार नव्हती, आणि हा मात्र सगळं असून स्वतःला संपवत होता. जुलै १९९० मध्ये तो शिकागोच्या एका हॉस्पिटलमध्ये उपचारासाठी दाखल झाला. तेव्हापासून त्यानं नशा केलेली नाही.

शुद्धीवर आल्यावर पुढच्याच वर्षी आणखी एक धक्का बसला. नोव्हेंबर १९९१ मध्ये फ्रेडी मर्क्युरी एड्सनं गेला. क्वीन बँडचा फ्रेडी, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला आणि तिथंच पहिला बँड काढलेला. तो आणि एल्टन जवळचे मित्र. त्या ख्रिसमसला एल्टनच्या हातात एक चित्र पडलं, त्याच्या आवडत्या हेन्री स्कॉट ट्यूक या चित्रकाराचं. मरणाच्या दारात असताना फ्रेडीनं ते त्याच्यासाठी घेऊन ठेवलं होतं.

१९९२ मध्ये अमेरिकेत आणि १९९३ मध्ये लंडनमध्ये 'एल्टन जॉन एड्स फाउंडेशन' सुरू झालं. ऑस्करच्या रात्री फाउंडेशनची पार्टी असते, तिथं श्रीमंत लोक मोठमोठ्या रकमा देतात. एल्टननं स्वतःचे जुने कपडेही विकायला काढले (त्याच्या कपाटाचा आकार बघता ही छोटी देणगी नव्हे). आजवर ६० कोटी डॉलरपेक्षा जास्त निधी जमा झाला आहे.

एक गैरसमज इथंच काढून टाकू. १९९७ मध्ये प्रिन्सेस डायनाच्या अंत्यसंस्कारात त्यानं गायलेल्या गाण्याच्या ३ कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या. तो पैसा त्याच्या फाउंडेशनला नाही, डायनाच्या नावानं काढलेल्या निधीला गेला.

मग फाउंडेशनचा पैसा नेमका कुठं जातो? एक उदाहरण बघू, कारण ते हुशारीचं आहे. आज एचआयव्हीवर चांगली औषधं आहेत. रोज गोळी घेतली की शरीरातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि मग शारीरिक संबंधातून तो दुसऱ्याला लागतही नाही. त्यामुळं खरी अडचण उरते ती आपल्याला एचआयव्ही आहे हेच माहीत नसलेल्यांची. असे लोक स्वतःहून एचआयव्ही क्लिनिकची पायरी चढत नाहीत. भीती आणि लाज, दोन्ही आडवी येतात.

पण हात मोडला किंवा छातीत दुखलं तर ते इमर्जन्सीत येतातच.

२०१८ ते २०२१ या काळात दक्षिण लंडनच्या तीन भागांत फाउंडेशननं ही गोष्ट वापरली. इमर्जन्सीत आलेल्या ज्या पेशंटचं रक्त तसंही काढलं जातं, त्याची एचआयव्ही तपासणीही करायची. पेशंटला नको असेल तर तो नाही म्हणू शकतो, पण वेगळं मागावं लागत नाही. नवीन रुग्ण उपचारापर्यंत पोचला किंवा उपचार सोडून गेलेला परत आला, की त्या कामाचे पैसे हॉस्पिटलला मिळायचे. तपासण्या किती केल्या यावर नाही, माणूस उपचाराला लागला का यावर पैसे. एप्रिल २०२२ पासून इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेनं लंडन, मँचेस्टर, ब्रायटन आणि ब्लॅकपूलच्या हॉस्पिटलांमध्ये अशी तपासणी सुरू केली.

८ जुलै २०२३ ला स्टॉकहोममध्ये एल्टनच्या निरोपाच्या दौऱ्याचा शेवटचा शो झाला. ३३० शो, जवळपास पाच वर्षं, मध्ये कोरोनाचा खंड. २०२४ मध्ये एमी मिळाल्यावर ऑस्कर, ग्रॅमी, टोनी आणि एमी हे चारही पुरस्कार मिळालेल्या मोजक्या लोकांत तो जाऊन बसला. त्याच वर्षी डोळ्याच्या इन्फेक्शनमुळं त्याची नजर बरीच गेली. तरी २०२५ मध्ये ब्रँडी कार्लाइलसोबतचा त्याचा नवीन अल्बम आला, तोही ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर. दौरे थांबलेत, फाउंडेशनचं काम सुरू आहे.