फुकटची शाळा, तिची पाटी आणि चुका

बीसीए, बीसीएस किंवा पॉलिटेक्निक केलेल्या आपल्या गावातल्या पोरांना विचारा, वेबसाइट बनवायला पहिल्यांदा कुठं शिकलात? डब्ल्यूथ्रीस्कूल्स हे नाव ऐकू येणारच. बऱ्याच जणांना ती वेबची अधिकृत शाळा वाटते. ती तशी नाही. १९९८ मध्ये नॉर्वेतल्या रेफ्सनेस डेटा या एका कुटुंबाच्या कंपनीनं ती सुरू केली.

थोडं मागं जाऊ. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत वेबची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्ननं ते तंत्रज्ञान सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. १९९४ मध्ये वेबचे नियम ठरवायला डब्ल्यूथ्रीसी ही संस्था उभी राहिली. आता नियम झाले, पण ते शिकवणार कोण? जमीन महसूल संहिता हातात दिली म्हणून कुणाला सातबारा वाचता येत नाही, तसंच हे.

ती जागा अशा घरगुती साइट्सनी भरून काढली. डब्ल्यूथ्रीस्कूल्सची पद्धत एकदम साधी. छोटा धडा, लगेच उदाहरण, आणि शेजारी ‘स्वतः करून बघा’चं बटण. एकीकडे कोड बदला, दुसरीकडे परिणाम बघा. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. खर्च जाहिरातींतून. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसणाऱ्या पोरासाठी ही केवढी मोठी गोष्ट होती!

पण नाव असं की डब्ल्यूथ्रीसीचीच शाखा वाटावी. प्रत्यक्षात दोघांचा काही संबंध नाही. शिवाय साइट पैसे घेऊन प्रमाणपत्रंही द्यायची. आणि धड्यांमध्ये चुका होत्या, काही माहिती जुनी झालेली होती. एक चुकीचा नमुना हजारो पोरं उतरवून घेतात, तेव्हा ती चूक हजारो वेबसाइट्सवर जाऊन बसते.

जानेवारी २०११ मध्ये काही अनुभवी वेब डेव्हलपर मंडळींनी डब्ल्यूथ्रीफूल्स नावाची साइटच काढली. नाव टवाळीचं, पण काम नेमकं. कुठल्या पानावर काय चुकलंय याची यादीच त्यांनी लावली. ही डब्ल्यूथ्रीसी नव्हे, हेही ठणकावून सांगितलं. आणि नुसती टीका न करता, शिकायला मोझिलाच्या एमडीएनसारखी दुसरी ठिकाणंही दाखवली.

पुढं काय झालं ते जास्त महत्त्वाचं. डब्ल्यूथ्रीस्कूल्सनं यादीतल्या बऱ्याच चुका दुरुस्त केल्या. आणि टीकाकारांनीही आपला सूर बदलला, सुधारणा झाल्याचं त्यांच्याच साइटवर मान्य केलं. आज डब्ल्यूथ्रीस्कूल्सच्या पानाखाली स्पष्ट लिहिलेलं असतं की उदाहरणं समजायला सोपी केलेली आहेत आणि सगळं शंभर टक्के बिनचूक असल्याची हमी देता येत नाही.

ही गोष्ट कॉम्प्युटरवाल्यांपुरती नाही. आपल्याकडं ग्रामपंचायतीच्या फलकावरचा आकडा चुकला, बातमीत नाव चुकलं किंवा क्लासवाल्यानं भलतंच शिकवलं, तर काय होतं? एक बाजू शिव्या देते, दुसरी विचारते, ‘तुला कुणी सांगितलं?’ पान, ओळ आणि बरोबर काय, हे लिहून कुणी देत नाही. दिलंच तर दुरुस्ती कुणी करत नाही.

फुकट शिकवणाऱ्याचे उपकार मोठेच. पण फुकट दिलं म्हणून चूक माफ होत नाही आणि चूक सापडली म्हणून सगळी मेहनत वाया जात नाही. पोरांना एवढंच सांगा: पाटीवरचं नाव बघून विश्वास ठेवू नका, दोन ठिकाणी ताडून बघा. आणि क्लासला पैसे भरण्याआधी विचारा, हे प्रमाणपत्र कोण मानतं?