‘पोचलं’ म्हणायचं कुणी?

१९८०च्या आसपास आमच्या तालुक्याच्या गावी एक साप्ताहिक निघायचं. छापखान्यातल्या टेबलावर ट्रान्झिस्टर असे आणि संपादक त्याला कान लावून आकाशवाणीचं ‘धीमी गति के समाचार’ हे बातमीपत्र उतरवून घेत. टेलिप्रिंटर न परवडणाऱ्या छोट्या पत्रांना त्याचा मोठा आधार. दिल्लीतला निवेदक लिहिणाऱ्याच्या हाताच्या वेगानं वाचायचा आणि वाक्य पुन्हा म्हणायचा. दोन्ही वेळा नेमकी खरखर झाली तर मात्र ते वाक्य गेलंच. मागून घ्यायची सोय नव्हती.

एकानं बोलायचं, अनेकांनी ऐकायचं आणि हवा सगळ्यांना मिळून एकच. अशा वेळी शब्दन्‌शब्द प्रत्येकापर्यंत पोचला, याची खात्री कशी करायची? बिनतारी संदेशवहनाच्या इतिहासातला हा प्रश्न मला गेली काही वर्षं सोडत नाही.

तो सर्वांत जिवावरचा होता समुद्रावर. इंग्लंडमधल्या रग्बीचं प्रचंड केंद्र १ जानेवारी १९२६ रोजी १६ किलोहर्ट्झवर सुरू झालं. एवढ्या कमी वारंवारतेच्या लहरी पाण्याखाली काही मीटर शिरतात, म्हणून पाणबुड्यांनाही ते ऐकू येई. पण उत्तर द्यायचं म्हणजे आपला ठावठिकाणा शत्रूला सांगायचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या किनाऱ्यावरच्या मुख्यालयाशी वरचेवर बोलत, आणि त्याच बोलण्यावरून दोस्तांच्या दिशाशोधक यंत्रांनी कित्येकींना गाठलं. दोस्तांच्या आरमारांनी वेगळी शिस्त ठेवली. किनाऱ्यावरून ठरल्या वेळी संदेश जात, प्रत्येकाला अनुक्रमांक असे, आणि जहाजावरचा तारायंत्री सगळे मुकाट्यानं उतरवून घेई. ४१ नंतर थेट ४३ आला की ४२ हुकला, हे त्याचं त्याला कळे. पोचपावती कुणीच देत नसे. अमेरिकन नौदलात या प्रक्षेपणाला ‘फॉक्स’ म्हणत. हरवल्याचं ओळखण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे गेली, ती ही अशी, भीतीपोटी.

संगणक आले तेव्हा ही भीती नव्हती, म्हणून पोचपावती परत आली. दोघांच्या संभाषणात ती उत्तम चालते. ऐकणारे शंभर झाले की एका तुकड्यामागे शंभर पावत्या निघतात, आणि त्याही त्याच हवेतून. नॉर्मन अब्रॅमसन यांच्या हवाईतल्या ‘अलोहा’ जाळ्यानं १९७१मध्ये काम सुरू केलं. ज्याला वाटेल त्यानं वाटेल तेव्हा बोलायचं, अशी मुभा दिली तर टकरा होऊन वाहिनीची जेमतेम १८ टक्के क्षमता कामी येते, हा त्यातला हिशेब. पावत्यांचा पूर त्या हवेत काय करील, ते सांगायला नको.

१९९५मध्ये सॅली फ्लॉइड, व्हॅन जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटवरच्या सामाईक फळ्यासाठी एक तोडगा मांडला. ज्याला मिळालं त्यानं गप्प बसायचं. ज्याचं हुकलं त्यानंही लगेच ओरडायचं नाही, थोडं थांबायचं, कुणी किती थांबायचं ते नशिबावर. तेवढ्यात दुसऱ्यानं तोच तुकडा मागितला तर आपण मागायचा नाही. वर्गात ‘सर, पुन्हा सांगा’ असं एकानं म्हटलं की बाकीच्यांची सुटका होते, तसंच. तारांच्या जाळ्यात हे बरं चाललं. रेडिओवर मात्र टेकडीच्या दोन अंगांना बसलेल्यांना मधला बोलणारा ऐकू येतो, पण एकमेकांचा आवाज येत नाही. मग दोघंही ओरडतात.

आणि याहून खोल अडचण वेगळीच होती. ऐकणारे शंभर आहेत आणि प्रत्येकाचा शंभरात एकच तुकडा हरवतो, असं धरा. पण प्रत्येकाचा वेगळा! गणित मांडलं तर शंभरातले सुमारे ६३ तुकडे कुणा ना कुणाचे हरवलेले निघतात. म्हणजे एकेकाला एक तुकडा हवा आणि पाठवणाऱ्यानं जवळजवळ दोनतृतीयांश पोथी पुन्हा वाचायची.

१९८४ साली जॉन मेट्झनर यांनी एका निबंधात यातली गाठ सोडवली होती. एकाचा तिसरा तुकडा गेला, दुसऱ्याचा सातवा. दोन्ही वेगवेगळे पाठवण्याऐवजी त्यांची बेरीज एकदाच पाठवा. पहिल्याकडे सातवा आहे, तो वजा केला की तिसरा हाती येतो. दुसऱ्याचं याच्या उलट. एकच औषध दोन वेगळ्या दुखण्यांवर चालतं. ‘कोणता गेला?’ हा प्रश्नच उरत नाही, ‘किती गेले?’ एवढंच कळलं की पुरे. या साऱ्या इतिहासातली मोठी उडी मी हीच मानतो, जरी नाव पुढच्यांचं अधिक झालं. १९९८मध्ये बायर्स, लुबी, मिट्झनमाखर आणि रेगे यांनी ‘डिजिटल कारंजं’ कल्पिलं: पाठवणारा मिश्रणं उडवत राहतो, ज्यानं त्यानं आपला पेला धरायचा. कोणते थेंब पडले याला महत्त्व नाही, पेला भरला की मूळ मजकूर उलगडतो. २००२मध्ये लुबींनी त्यासाठीचे व्यवहार्य संकेत प्रसिद्ध केले.

पुढे अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतल्या अ‍ॅडमसन आणि मॅकर यांनी इतरांसह या विचारांवर एक नियमावली बांधली. २००९मध्ये ती इंटरनेटचं प्रमाण ठरली. तीत अजिबात न बोलणाऱ्या श्रोत्यासाठीही जागा राखलेली आहे. जहाज आठवलं ना?

घरातल्या वायफायला मात्र हे शहाणपण मूळचं नाही. एकेकट्या फोनला पाठवलेल्या तुकड्याची तिथे पावती येते, न आल्यास तो पुन्हा जातो. समूहासाठीचा तुकडा एकदाच हवेत सोडला जातो, तोही बहुधा सर्वांत मंद गतीनं, म्हणजे दूरच्या कोपऱ्यातल्यालाही झेपावा. हरवला तर हरवला. २०१२च्या सुधारणेनं त्यावर काही पर्याय दिले. त्यातल्या एकात ऐकणाऱ्यांकडून काही ऐकायचंच नाही, कुणी न मागता तोच तुकडा पुन्हा पाठवायचा, दिल्लीचा तो निवेदक वाक्य पुन्हा म्हणायचा तसा.