डॉजर्स बेसबॉल संघ
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक अग्रगण्य व्यावसायिक बेसबॉल संघ. स्थापना १८८३ मध्ये ब्रुकलिन येथे. १९५७ पर्यंत ब्रुकलिन व १९५८ पासून लॉस अँजेल्स हे या संघाचे ठाणे होय. क्रीडांगणाच्या जागेचा प्रश्न आणि वर्णभेदाचे निवारण या दोन गोष्टींमुळे त्याच्या इतिहासास खेळापलीकडील सामाजिक महत्त्व प्राप्त झाले आहे.

स्थापनेच्या वेळी ब्रुकलिन हे स्वतंत्र शहर होते. १८९८ मध्ये ते न्यूयॉर्क महानगरात विलीन झाले. संघाने १८९० मध्ये नॅशनल लीगमध्ये प्रवेश करून त्याच वर्षी तिचे विजेतेपद मिळविले. रस्त्यांवरून धावणाऱ्या विजेच्या ट्रामगाड्या चुकवीत चालणारे ब्रुकलिनवासी ‘ट्रॉली डॉजर्स’ म्हणून ओळखले जात. त्यावरून संघास हे नाव पडले. मध्यंतरी तो सुपर्बाज, रॉबिन्स इ. नावांनीही ओळखला जात असे.

संघाचे मालक चार्ल्स एबेट्स यांनी फ्लॅटबुश भागातील जमिनीचे लहानलहान तुकडे विकत घेऊन ‘एबेट्स फील्ड’ हे क्रीडांगण उभारले (१९१३). बांधकामाच्या खर्चासाठी त्यांना संघाचा निम्मा हिस्सा विकावा लागला. सभोवतालच्या वस्तीला लागून असलेल्या या मैदानात प्रेक्षक खेळाडूंच्या अगदी निकट बसत. प्रमुख लीगमधील सामन्याचे पहिले दूरचित्रवाणी प्रक्षेपण येथूनच झाले (२६ ऑगस्ट १९३९).

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रमुख लीगचे दरवाजे अलिखित संकेतानुसार कृष्णवर्णीयांना बंद होते. संघाचे अध्यक्ष ब्रांच रिकी यांनी १९४५ मध्ये जॅकी रॉबिन्सन यांच्याशी करार केला व १५ एप्रिल १९४७ रोजी एबेट्स फील्डवर रॉबिन्सन प्रमुख लीगमधील पहिला सामना खेळले. प्रेक्षकांची शिवीगाळ, प्रतिस्पर्ध्यांचा द्वेष आणि स्वसंघातील काहींचा विरोध सोसून त्यांनी त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा व १९४९ मध्ये लीगमधील सर्वांत मौल्यवान खेळाडूचा सन्मान मिळविला. रॉय कॅम्पनेला (कॅचर) व डॉन न्यूकम (पिचर) हे त्यांच्यामागून आलेले कृष्णवर्णीय खेळाडूही तितकेच थोर ठरले. दोन लीगविजेत्यांमध्ये होणाऱ्या ‘वर्ल्ड सिरीज’मध्ये १९४१ ते १९५३ या काळात न्यूयॉर्क यांकीजकडून पाच वेळा पराभूत झाल्यावर १९५५ मध्ये डॉजर्सने त्याच संघावर विजय मिळविला. ब्रुकलिनला लाभलेले हे एकमेव जगज्जेतेपद होय.

एबेट्स फील्डची आसनक्षमता सु. ३२,००० होती; मोटारींसाठी मात्र तेथे पुरेशी जागा नव्हती. वॉल्टर ओमॅली यांना ब्रुकलिनमध्येच स्वखर्चाने नवे क्रीडांगण बांधावयाचे होते. तथापि त्यासाठी हवी असलेली जमीन सरकारी अधिकारात संपादन करून देण्यास नगरविकास अधिकारी रॉबर्ट मोझेस यांनी नकार दिला व क्वीन्स भागातील जागा सुचविली. अखेर संघ लॉस अँजेल्सला हलविण्यात आला. २४ सप्टेंबर १९५७ रोजी एबेट्स फील्डवरील शेवटच्या सामन्यास अवघे ६,७०२ प्रेक्षक होते. १९६० मध्ये ते पाडण्यात येऊन तेथे निवासी इमारती उभ्या राहिल्या.

लॉस अँजेल्सला संघ प्रथम मेमोरियल कॉलिसियममध्ये खेळे. नव्या क्रीडांगणासाठी चावेझ रॅव्हीन येथील जागा देण्यात आली. तेथील बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या रहिवाशांना सार्वजनिक गृहयोजनेसाठी १९५० पासून हलविण्यात आले होते. ती योजना पुढे रद्द झाली. उरलेल्या कुटुंबांना मे १९५९ मध्ये बळाने बाहेर काढण्यात आले. १० एप्रिल १९६२ रोजी तेथे ५६,००० आसनांचे डॉजर स्टेडियम खुले झाले. एका वस्तीने संघ गमावला आणि दुसऱ्या वस्तीने घरे, असे या स्थलांतराचे दुहेरी स्वरूप होते.

या क्रीडांगणावर नावारूपास आलेल्यांत सँडी कूफॅक्स प्रमुख होत. १९६५ मध्ये त्यांनी ३८२ बॅटर बाद केले. तथापि योम किप्पूर या ज्यू धर्मीयांच्या पवित्र दिवशी वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना खेळण्याचे त्यांनी नाकारले. मेक्सिकोचे फर्नांडो व्हॅलेंझुएला यांच्या १९८१ मधील पराक्रमाने स्टेडियमविषयी कटुता बाळगणारा मेक्सिकन समाज मोठ्या प्रमाणात संघाकडे वळला. जपानचे हिदेओ नोमो १९९५ मध्ये संघात आले. त्यांचे देशबांधव शोहेई ओहतानी यांनी २०२४ मध्ये एकाच हंगामात ५४ होम रन व ५९ बेसचोऱ्या अशी अपूर्व कामगिरी केली.

संघाने १९५५, १९५९, १९६३, १९६५, १९८१, १९८८, २०२०, २०२४ व २०२५ अशी नऊ वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली आहे. रॉबिन्सन यांचा ४२ हा क्रमांक १९९७ मध्ये प्रमुख लीगमधील सर्व संघांनी त्यांच्या सन्मानार्थ कायमचा राखून ठेवला.