तीन गर्भ आणि बीभत्साचे आकर्षण

भरताच्या नाट्यशास्त्रातील आठ रसांत बीभत्स आहे. जुगुप्सा हा त्याचा स्थायिभाव. तरीही काव्यशास्त्राच्या तासाला शृंगार-करुणाच्या मानाने त्याच्या वाट्याला फार थोडा वेळ येतो. भरताने मात्र बीभत्सातूनच भयानकाची उत्पत्ती सांगितली आहे. ज्याला आज 'बॉडी हॉरर' म्हणतात, तो शरीराच्या विरूपणातून भय निर्माण करणारा चित्रपटप्रकार नेमका या दोन रसांच्या सांध्यावर उभा आहे. किळस येते आणि तरी नजर हटत नाही, असे का व्हावे? उत्तरासाठी तीन गर्भांकडे पाहता येईल.

पहिला गर्भ आपल्या जालना जिल्ह्याच्या जवळचा. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव (१६०८). दासबोधाच्या तिसऱ्या दशकातील पहिला समास जन्मदुःखाचा आहे. विटाळ, मळमूत्र, जंत, जठराग्नी यांत कोंडलेला जीव समर्थांनी डोळे न मिटता दाखवला आहे. हेतू एकच : देहाची किळस येऊन वैराग्य यावे. येथे बीभत्स शांताच्या सेवेला लागतो. पण जिचा हा गर्भ, ती स्त्री या वर्णनात कोठेच नाही; उरतो तो तिचा विटाळ.

दुसरा गर्भ राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (२०१८) या हिंदी चित्रपटातला. १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत कोकणातली ही कथा घडते. देवीच्या लाल, मांसल गर्भात हस्तर कोंडलेला आहे, आणि विनायक पिठाची बाहुली घेऊन तेथे मोहरा लुटायला उतरतो. लोककथा, भयकथा आणि वसाहतकालीन इतिहास यांची ही सरमिसळ आहे. जिच्या देहातून झाड उगवले आहे, ती म्हातारी आधी समोर येते. तिची दशा पाहूनही विनायक मागे फिरत नाही. समर्थांचा तर्क येथे उलटतो. किळसेने वैराग्य येत नाही. लोभ किळसेलाही सरावतो. पुन्हा गर्भात उतरताना विनायकाइतकाच प्रेक्षकही निर्ढावलेला असतो. त्याची नजर पडद्याला खिळते ती या सहभागामुळे.

तिसरा गर्भ जूलिया द्यूकूर्नो या फ्रेंच दिग्दर्शिकेच्या 'तितान'मधला. २०२१ साली कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळवणाऱ्या या चित्रपटात मोटारीपासून गर्भवती राहिलेली एक खुनी तरुणी हरवलेला मुलगा असल्याची बतावणी करून एका अग्निशमन अधिकाऱ्याच्या घरात शिरते. गुन्हेकथा आणि कौटुंबिक कथा येथे एकमेकींत मिसळतात. तिच्या अंगातून तेल पाझरते, पोट फाटते. मात्र या वेळी कॅमेरा तिच्या वेदनेच्या बाजूला आहे. शेवटी किळसेतून करुणा उभी राहते.

वैराग्य, लोभ, करुणा : जुगुप्सा एकच, तिच्या वाटा तीन. या चित्रपटांचे आकर्षण केवळ धक्क्यात नाही. नीतीने आणि सौंदर्याने झाकलेल्या देहाकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, हे ते आपल्याच नकळत तपासतात. बीभत्साला अभ्यासात दुय्यम ठेवणे म्हणजे ही तपासणी टाळणे होय. ज्या जिल्ह्यात दासबोधकार जन्मले, तेथील वर्गांत तरी जन्मदुःखाचा समास आणि 'तुंबाड' एकत्र चर्चेला यायला हरकत नसावी.